लोकलमध्ये फोन गेला तरी घर अडू नये: एका रविवारची तयारी

दादरला गर्दीत उतरताना खिशातला फोन गेला, तर काय करायचं हे बहुतेकांना तोंडपाठ असतं: दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून आपल्या गुगल खात्यात शिरायचं आणि हरवलेला फोन लॉक करायचा. गाडं अडतं ते पासवर्ड टाकल्यानंतर. गुगल म्हणतं, 'तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे हो दाबा.' तो फोन तर चोराकडे. ओटीपी मागवावा, तर तोही त्याच सिमवर जातो. दार लागलं आणि चावी आत राहिली, तशी गत होते.

म्हणून फोन हातात आहे तेव्हाच हे काम उरकायचं. चार माणसांच्या घराला एक दुपार पुरते. सामानही थोडंच लागतं: कागद-पेन, एक पाकीट, १ टीबीची हार्ड डिस्क आणि एक लॅपटॉप.

खातं कोणाचं, पासवर्ड कोणाकडे

सुरुवात आईच्या किंवा आजीच्या फोनपासून करा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे सापडतो. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने घाईघाईत जीमेल काढून दिलेलं असतं. पासवर्ड कोणालाच माहीत नसतो आणि रिकव्हरीचा नंबर रिकामा किंवा बंद पडलेला असतो. प्ले स्टोअर उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबा, ईमेल पत्ता दिसेल. तिथून गुगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी' भागात जा. पासवर्ड माहीत नसेल तर 'फर्गॉट पासवर्ड' घ्या. खातं त्याच फोनवर चालू असल्यामुळे बहुतेक वेळा स्क्रीन लॉक टाकून नवा पासवर्ड लावता येतो. फोन गेल्यावर ही सोय उरत नाही.

रिकव्हरीला घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर द्या. आईच्या खात्याला ताईचा, ताईच्या खात्याला बाबांचा. मग 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून त्यातले 'बॅकअप कोड्स' काढा. आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. फोन हातात नसताना आत शिरायची चावी हीच. हे कोड कागदावर उतरवून पाकिटात घाला आणि पाकीट कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवा. फोटो काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवले तर काहीच उपयोग नाही. आणि पुढे कधी नवे कोड काढलेत, तर जुने दहाच्या दहा रद्द होतात. तेव्हा पाकिटातला कागदही बदला.

सिमला पिन लावा

घराघरांत राहून जाणारी गोष्ट ही. फोनला कितीही भक्कम लॉक असला तरी चोर पिनेने सिमचा ट्रे बाहेर ओढतो, सिम स्वतःच्या साध्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी वाचत बसतो. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये घातल्याबरोबर ते पिन मागतं आणि तिथेच थांबतं.

सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'सिम लॉक' किंवा 'सिम पिन' लिहा, ठिकाण सापडेल. चालू करताना फोन आधी सध्याचा पिन विचारतो. हा कंपनीने ठरवलेला असतो आणि इथेच घोटाळा होतो. अंदाजाने आकडे टाकू नका. तीनदा चुकलं की सिम बंद होऊन आठ आकडी पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कंपनीचा कोड, मागतं, आणि पीयूके दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचं बाद. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून मूळ पिन विचारा, तो टाका, मग लगेच 'चेंज सिम पिन' करून आपला चार आकडी पिन ठेवा. जन्मसाल नको, स्क्रीन लॉकचाच आकडाही नको. ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं, बाहेर न निघणारं सिम) असेल तरी पिन लावा.

एक गैरसोय आधीच सांगायला हवी. फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला की सिमचा पिन टाकेपर्यंत कॉल येत नाहीत. आजी एकटी असते आणि तिच्या फोनची बॅटरी नेहमी संपते, असं असेल तर तिला हा पिन पाठ करून घ्यायला लावा, दोनदा तिच्याच हाताने टाकायला सांगा. जमत नसेल तर तिच्या सिमला पिन लावू नका. तिचा फोन बऱ्याचदा घरातच असतो.

याच बैठकीत आणखी तीन गोष्टी करून टाका. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं करा, नाहीतर ओटीपी लॉक न उघडताच वाचता येतो. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' इथे सहा आकडी पिन लावा. आणि अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर सेटिंग्जमधल्या 'थेफ्ट प्रोटेक्शन'मध्ये 'रिमोट लॉक' चालू करून आपला नंबर तिथे पडताळलेला आहे ना ते बघा. ते असलं की कोणाच्याही फोनवरून अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पानावर नुसता मोबाइल नंबर घालून फोन लॉक करता येतो.

कपाटाच्या दाराला चिकटवायचा कागद

प्रत्येक फोनवर *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. ते लिहा. शेजारी सिम कोणत्या कंपनीचं आणि तिचा हेल्पलाइन नंबर, बँकेचा चोवीस तासांचा नंबर (डेबिट कार्डाच्या मागे असतो), खात्याचे शेवटचे चार आकडे आणि १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. या कागदावर एकही पिन किंवा पासवर्ड लिहू नका; कामवाल्या मावशींपासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नजरेस तो पडणार आहे. फोनचं बिल पाकिटात, कोडांसोबत.

फोटो: क्लाउडमध्ये आहेत म्हणजे सुरक्षित आहेत असं नाही

गुगल फोटोजमध्ये फोटो दिसतात म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरांत तीन ठिकाणी चूक होते.

पहिली जागेची. गुगलची फुकट जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात, आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि जीमेलवर नवे मेल येणंही बंद होतं, बँकेचेसुद्धा. आयफोनवाल्यांच्या आयक्लाउडची फुकट जागा तर ५ जीबीच.

दुसरी चूक, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो. बारशाचे, लग्नाचे निम्मे फोटो नातेवाइकांनी पाठवलेले असतात आणि गुगल फोटोज मुळात फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर चढवतं. फोटोजच्या बॅकअप सेटिंग्जमध्ये 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स' उघडून 'व्हॉट्सॲप इमेजेस' स्वतः चालू करावं लागतं.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. फोन भरला म्हणून गुगल फोटोजमध्येच बसून फोटो निवडून डिलीट केले, की ते क्लाउडमधूनही जातात. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, मग कायमचे गेले. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधलं 'फ्री अप स्पेस' वापरा. ते फक्त फोनमधली प्रत काढतं.

म्हणून एक प्रत घरच्या डिस्कवर हवीच. फोन केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा. फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला, बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. 'डीसीआयएम' हे फोल्डर घ्या. व्हॉट्सॲपचे फोटो नव्या फोनमध्ये 'अँड्रॉइड', 'मीडिया' आणि मग व्हॉट्सॲपच्या फोल्डरात सापडतात. नेहमी 'कॉपी' करा, 'कट' कधीच नाही. मध्येच केबल हलली तर फोटो ना इथे ना तिथे अशी वेळ येते. हजारो फोटो एकदम ओढले की लॅपटॉप अडकतो, तेव्हा पाचशे-पाचशेच्या तुकड्यांनी घ्या आणि तोवर फोनची स्क्रीन उघडी ठेवा. झालं की दोन्ही बाजूंच्या फाइलींची संख्या ताडून बघा, मधूनच चार-पाच व्हिडिओ डिस्कवरून चालवून बघा. फोल्डरला '२०२५-०६ आईचा फोन' असं नाव द्या. १ टीबीच्या डिस्कवर विंडोजचा लॅपटॉप ९३१ जीबी दाखवतो, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. डिस्क खराब नाही.

आपल्या हवेत डिस्क उघडी ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि डबा ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर, वरच्या कप्प्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांचे अल्बम गेले हे कलिना-कुर्ल्यात कोणालाही विचारा. जमलं तर दुसरी डिस्क घेऊन ती पुण्याच्या बहिणीकडे किंवा गावी ठेवा. गणपतीला जाताना ताजी डिस्क न्यायची, तिथली जुनी परत आणायची.

फोन गेलाच तर, याच क्रमाने

आधी फोन लॉक करा, मग सिम बंद करा. उलटं केलं तर फोनचं इंटरनेट तुटतं आणि लॉकचा आदेश पोचतच नाही. फोनमधला डेटा पुसण्याचा आदेश सगळ्यात शेवटी द्या, कारण पुसल्यावर अँड्रॉइड फोन कुठे आहे ते दिसेनासं होतं. सिम बंद झालं की बँकेला फोन करून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा. यूपीआय लाइटमधले (छोट्या खर्चांसाठी ॲपमध्ये भरून ठेवलेले) पैसे पिनशिवाय जातात, ते विसरू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०. यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात. बँकेने दिलेला तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

गाडीत किंवा फलाटावर गेला असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे. चोरी झाली असेल तर 'गहाळ' ऐवजी 'चोरी' अशीच नोंद करायला सांगा. घाटकोपर की कुर्ला, हद्द कोणाची, यावर परत पाठवू लागले तर झिरो एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हद्दीबाहेरची तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे. तक्रारीची प्रत, बिल, ओळखपत्र आणि आयएमईआय घेऊन 'संचार साथी' पोर्टलवर फोन ब्लॉक करा. तिथला ओटीपी त्याच नंबरवर येतो, म्हणून आधी नवं सिम लागतं, आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. त्या दिवशी ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका.

पुढच्या आठवड्यात 'तुमचा आयफोन सापडला, इथे लॉगिन करून ठिकाण बघा' असा मेसेज येऊ शकतो. तो चोरांचाच असतो. तुमचा ॲपल पासवर्ड मिळाल्याशिवाय त्यांना तो फोन चालू करून विकता येत नाही. लिंक उघडू नका आणि 'फाइंड माय' या ॲपलच्या फोन शोधायच्या ॲपमधून फोन काढूही नका.

नव्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप टाकण्याआधी जुनंच गुगल खातं जोडा. नंबर पडताळल्यावर 'रिस्टोअर' एकदाच विचारलं जातं. घाईत 'स्किप' दाबलंत तर रात्रीचा नवा, रिकामा बॅकअप जुन्यावर चढायच्या आत व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका.