कियांती चाखताना या चुका टाळा

इटलीतील फ्लोरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या टेकड्यांवर होणाऱ्या कियांती क्लासिको या रेड वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे द्राक्ष असावेच लागते. उरलेल्या वाट्यात बहुधा कानायोलो, कोलोरिनो हे तिथले किंवा मर्लो, कॅबर्ने हे फ्रान्सकडचे वाण येतात. ही वाइन ‘नुसतीच आंबट आणि तुरट’ असल्याची तक्रार मी वारंवार ऐकतो, आणि चौकशी केल्यावर दोष बहुतेकदा पाजणाऱ्याचा निघतो.

सर्वांत मोठी चूक तापमानाची. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातील गार घरांसाठी होता. एका मे महिन्यात पुण्यातील घरी पाहुण्यांसाठी मीही बाटली तशीच ओट्यावर ठेवली होती. ग्लासात ओतताच नाकात आधी मद्यार्काची वाफ शिरली, फळाचा मागमूस नव्हता, आणि मेहुण्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारले, ‘हे खोकल्याचे औषध जेवणाआधी घ्यायचे की नंतर?’ उरलेली बाटली मी बर्फ आणि पाणी घातलेल्या स्टीलच्या बादलीत पंधरा मिनिटे बुडवली. मग त्याच वाइनला आंबट चेरीचा वास येऊ लागला आणि मेहुण्यांनी काही न बोलता ग्लास पुढे केला. तेव्हापासून १६ ते १८ अंशांच्या आसपास आणल्याशिवाय मी बूच काढत नाही. बादलीत पाणी हवेच, कारण नुसते खडे बाटलीला जेमतेम टेकतात. घाईने ग्लासातच बर्फ टाकणाऱ्यांना मात्र मी सरबत देतो.

दुसरी खोड नवशिक्यांची: पहिल्याच घोटाला ‘हा मर्लो, हा कॅबर्ने’ अशी फोड करण्याची. गोड्या मसाल्याच्या आमटीत दगडफूल वेगळे शोधत कोणी जेवत नाही. तिथले वाइन-उत्पादक बेत्तीनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये कियांतीचे जे मिश्रण मांडले, त्यात सुगंध आणि जोम सांजोवेझेचा, तर त्याचा कठोरपणा सुगंध न घालवता मऊ करण्याचे काम कानायोलोचे होते; म्हणजे कानायोलो उठून दिसू नये हीच अपेक्षा होती. मी बाटलीमागचा मजकूर पहिला ग्लास संपेपर्यंत वाचत नाही. त्याऐवजी घोट गिळल्यावर आंबटपणा आधी ओसरतो की तुरटपणा, एवढेच पाहतो.

ग्लास एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि उदबत्ती जेवणाआधी विझवावी. झणझणीत रश्शाबरोबर ही वाइन देऊ नये; तिखट आणि मद्यार्क मिळून जिभेची आग वाढते. मात्र कोरड्या तोंडाने तिला नावे ठेवणेही अन्यायच आहे, कारण हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा मुरलेल्या चीजच्या एका तुकड्याने लगेच नरमतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बूच बिघडलेले असते. ती वाइन कितीही वेळ उघडी ठेवली तरी सुधारत नाही, म्हणून दुसरी बाटली उघडावी.