कॉपी-पेस्टने गिटार जाड होत नाही

डोंबिवलीच्या आमच्या घरात रात्री अकरानंतरच मला रेकॉर्डिंगला बसता येतं. पंखा बंद, लॅपटॉपचा चार्जर काढलेला. माझी इलेक्ट्रिक गिटार सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडणारं एकाच वेटोळ्याचं चुंबक), आसपासच्या विजेची घूं लगेच पकडते. त्यावर एक साधा इलाज आहे: गिटार धरून खुर्चीसकट हळूहळू गोल फिरायचं आणि घूं सगळ्यात कमी येईल तिथे थांबायचं. माझ्या खोलीत ती जागा कपाटाकडे तोंड करून आहे. असो.

इंटरफेस, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा, एका इनपुटचाही चालतो, पण त्यावरचं 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबायला विसरू नका, नाहीतर गिटारची धारच जाते. वाजवलेलं उशिरा ऐकू येऊ नये म्हणून विंडोजवर आसिओ ड्रायव्हर (आवाजासाठीचा जलद ड्रायव्हर) वापरा आणि बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधीचा साठा, १२८ सॅम्पलचा ठेवा; ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला तो जेमतेम २.७ मिलिसेकंदांचा होतो. सगळ्यात जोरात वाजवाल तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. आणि रेकॉर्ड कोरा आवाजच करा. अँप सिम्युलेटर (अँपचा आवाज देणारं सॉफ्टवेअर) नंतर कितीही वेळा बदलता येतो.

आता थरांचं, म्हणजे गिटार जाड वाटावी म्हणून तिचे अनेक ट्रॅक एकावर एक रचण्याचं. पहिल्या गाण्यात मी चांगला जमलेला एक टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी केला, एक डावीकडे टाकला, एक उजवीकडे. काहीच झालं नाही! दोन्हीकडे तंतोतंत तेच असलं की कानाला आवाज मधूनच येतो, फक्त मोठा. मग शहाणपणा करून एक ट्रॅक १५ मिलिसेकंद मागे सरकवला. हेडफोनवर भिंतीएवढा रुंद वाटला. मित्राने तेच फोनच्या एकुलत्या स्पीकरवर लावलं आणि गिटार पत्र्याच्या डब्यात बसून वाजवल्यासारखी ऐकू आली. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की काही सूर एकमेकांना खातात.

तेव्हा तोच रिफ (गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा) पुन्हा वाजवा, पहिल्यापासून. हाताच्या बारीकसारीक फरकांमुळेच तो रुंद होतो. १९४८ साली आलेल्या एका रेकॉर्डसाठी अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने टेपशिवाय, आधीच्या डिस्कसोबत वाजवत नवी डिस्क कापत आठ गिटारी रचल्या होत्या. तिथे चूक झाली की मागे जाऊन दुरुस्ती नव्हती. आपल्याला तर 'अनडू' आहे.

प्रत्येक टेकआधी ट्यून करा. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) एकट्या गिटारला लावाल त्याच्या निम्म्यावर आणा; चार थर जमले की ते आपोआप दाट होतं. मी पूर्ण डिस्टॉर्शन ठेवून सहा थर चढवले होते. त्यात कॉर्ड कुठला, हे मलाच ओळखता येईना.