किलोमीटर टाइम ट्रायलमध्ये उतरताय? आधी विक्रम वाचायला शिका

किलोमीटर टाइम ट्रायल म्हणजे सायकलच्या ट्रॅकवर, जागेवरून सुरुवात करून, एकट्याने घड्याळाविरुद्ध मारलेला एक किलोमीटर. पुण्यात बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "सर, वर्ल्ड रेकॉर्ड किती?" मी आकडा सांगतो आणि लगेच विचारतो, "तो कुठल्या ट्रॅकवर झाला, ते बघितलंस का?" किलोमीटरचा विक्रम जागेशिवाय वाचला तर हाती काहीच लागत नाही.

१९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या लोथार थॉम्सने १ मिनिट २.९५५ सेकंद अशी वेळ दिली. १९९५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शेन केलीने कोलंबियातल्या बोगोटात १:००.६१३ पर्यंत मजल मारली. मिनिटाच्या आत पहिल्यांदा आला तो फ्रान्सचा आर्नो तुर्नां. २००१, बोलिव्हियातलं ला पाझ, ५८.८७५ सेकंद. तो ट्रॅक सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने विरळ, आणि या वेगाला स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. २००७मध्ये ब्रिटनचा क्रिस हॉय तिथेच प्रयत्नाला गेला आणि ५८.८८०वर अडला. पाच सहस्रांश सेकंद! मला आजही त्याच्यासाठी वाईट वाटतं.

आता गंमत बघा. २०१३मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा पेर्विसने मेक्सिकोतल्या आग्वासकालिएंतेसला ५६.३०३ काढले. उंची ला पाझपेक्षा बरीच कमी, तरी वेळ अडीच सेकंदांनी सरस. ला पाझचा ट्रॅक उघड्यावरचा, सिमेंटचा. हा बंदिस्त, लाकडी, २५० मीटरचा. ना वारा, ना खडबडीतपणा. याच ट्रॅकवर ३१ ऑक्टोबर २०२३ला नेदरलँड्सच्या जेफ्री होगलंडने ५५.४३३ नोंदवले. म्हणजे जागेवरून सुरुवात करूनही सरासरी ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास!

पुणे साधारण ५६० मीटरवर, ट्रॅक उघड्यावर. त्यामुळे तुमची वेळ त्या आकड्यांशेजारी ठेवून खचू नका. भारतीय मापच हवं असेल तर २०२२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात कांस्य मिळवणाऱ्या रोनाल्डो सिंगकडे बघा.

सरावात सगळ्यात जास्त वेळ सुरुवातीला द्या. मागून कुणीतरी सीट धरलेली असते, सायकल फिक्स गिअरची, म्हणजे चाक फिरतं तोवर पायडलही फिरतं, ब्रेक नाहीत. मोजणी संपत आली की कंबर मागे न्यायची आणि शून्यावर सगळं अंग पुढे झोकून पहिलं पायडल दाबायचं. हँडल सरळ राहिलं पाहिजे. ते वळवळलं की तिथेच दशांश गेले. गिअर जड लावला तर शेवटी वेग टिकतो, पण सुरुवातीला सायकलला वेग घ्यायलाच वेळ जातो. हलका लावला तर शेवटच्या फेरीत पाय नुसते भिरभिरतात. हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा, दुसऱ्याचा उसना घेऊ नका.

वहीत एकूण वेळेबरोबर प्रत्येक अर्ध्या फेरीची वेळ, गिअर आणि वाऱ्याची दिशा लिहा. टायमिंग शक्यतो सकाळी लवकर घ्या, वारा सुटायच्या आत.