समुद्रकाठच्या घरासाठी दोन खड्ड्यांचा संडास कसा बांधावा

कोकणात घराचं काम निघालं की गवंडी विचारतो, "सेफ्टी टाकी किती माणसांची बांधायची?" विहीर किती लांब आहे आणि श्रावणात तिचं पाणी कुठवर चढतं, हे सहसा कुणी विचारत नाही. समुद्रकाठी खरं तर तोच प्रश्न पहिला यायला हवा.

सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारं पाणी निवळ दिसलं तरी त्यात जंतू असतातच. ते शोषखड्ड्यात न सोडता गटारात किंवा व्हाळात सोडलं की थेट खाडीत जातं. तिसऱ्या आणि कालवं हे शिंपले पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठत जातात. मग कावीळ किंवा विषमज्वर ज्या घरातून निघाला, त्याच घराच्या ताटात परत येतो. पाच-सहा माणसांच्या घराला दोन शोषखड्ड्यांचा संडास (एका वेळी एकच खड्डा वापरायचा, तो भरला की दुसरा) स्वस्तात पडतो, पाणी कमी लागतं आणि मैला उपसायला कुणाला जीव धोक्यात घालून टाकीत उतरावं लागत नाही. फक्त तो जागा बघून बांधायला हवा.

१. आधी विहीर मोजा

ऐन पावसात, शक्यतो श्रावणात, दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मोजा. कठड्याची उंची त्यात धरू नका. उन्हाळ्यातलं माप इथे कामाचं नाही, कारण मे महिन्यात पाच-सहा मीटर खाली गेलेलं पाणी जुलैत हाताशी येतं.

खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी यांच्यात किमान २ मीटर माती हवी. मैल्यातले जंतू या कोरड्या मातीतून झिरपताना अडकतात आणि मरतात. खड्डा सव्वा मीटर खोल धरला, तर पावसात पाणी सव्वातीन मीटरच्या खाली असायला हवं. नारळी-पोफळीच्या वाडीत असं क्वचितच असतं. त्यावरचा उपाय तिसऱ्या पायरीत आहे.

२. जागा ठरवा

विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर ठेवा. जमीन जांभ्याची किंवा भेगाळ कातळाची असेल तर ३० मीटर. जांभ्याच्या भेगांतून पाणी न गाळता सरळ धावतं, म्हणून तिथे अंतर वाढवावंच लागतं. शेजाऱ्याची विहीरही आपलीच समजून मोजा. उतार असेल तर खड्डे विहिरीच्या खालच्या अंगाला घ्या.

खाडी किंवा भरतीरेषेजवळ घर असेल तर ते सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात, येतं का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या. या किनारा नियमांची पहिली अधिसूचना १९९१ सालची आहे. खारफुटीच्या बाजूला ओव्हरफ्लोचा पाइप सोडायची पद्धत काही गावांत दिसते. ती बंदच व्हायला हवी. बोयटी आणि कोळंबीची पिल्लं त्याच चिखलात वाढतात.

३. खड्डे खणा आणि बांधा

दोन्ही खड्डे गोल घ्या. आतून १ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल एवढा एक खड्डा पाच माणसांना साधारण तीन वर्षं पुरतो. ओल धरणाऱ्या जमिनीत तो लवकर भरतो, तिथे थोडा मोठा घ्या. दोन खड्ड्यांमध्ये किमान खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर ठेवा, नाहीतर चालू खड्ड्याचं पाणी बंद खड्ड्यात झिरपतं.

भिंत जाळीदार बांधायची. वीट असो की चिरा, एक थर सलग आणि पुढच्या थरात दोन विटांमध्ये दोन इंचांची फट. वाळूची जमीन असेल तर फट अर्ध्या इंचावर आणा, नाहीतर वाळू आत ओघळते. वरचा एक फूट सलग बांधा. तळाला काँक्रीट घालायचं नाही, पाणी मुरायला तो मोकळाच हवा.

आता पाणी वर असलेल्या जागेबद्दल. तिथे खड्डा खणून भागत नाही, उचलावा लागतो. खड्ड्याचा माथा पावसात साचणाऱ्या पाण्याच्या किमान एक फूट वर ठेवा आणि भोवती एक-दीड मीटरपर्यंत माती भरून धुमसून घ्या. संडासाचा जोताही त्याच मानाने वर येईल, दोन पायऱ्या चढाव्या लागतील. म्हाताऱ्या माणसांसाठी बाजूला धरायला लोखंडी दांडा बसवा. जमीन भरड वाळूची किंवा भेगाळ असेल तर तळ मात्र बंद करा आणि भिंतीच्या बाहेरून सगळीकडे अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर भरा. पाणी आधी या वाळूतून गाळलं जातं. ही वाळू किनाऱ्यावरून खणून आणू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय किनाऱ्याची वाळू गेली की पुढच्या उधाणात लाटा तुमच्याच कुंपणाला लागतात.

वाळूच्या जमिनीचं एवढं का सांगतो? मालदीवमधलं माले हे वाळूचं, दाट वस्तीचं बेट. घरोघरचा मैला त्याच वाळूत मुरायचा आणि पिण्याचं पाणी त्याच वाळूतल्या उथळ विहिरींचं होतं. १९७८ साली तिथे पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली. आज माले समुद्राचं पाणी गोडं करून पितं. आपल्या एखाद्या वाडीला तो खर्च झेपणार नाही.

४. भांडं, पाइप आणि वाय चेंबर

ग्रामीण नमुन्याचंच भांडं मागा. त्याचा उतार २५ ते ३० अंशांचा असतो आणि पाण्याची सील, म्हणजे वास अडवणारं भांड्यातलं पाणी, २० मिलिमीटरची, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. शहरी भांड्याला याच्या कितीतरी पट पाणी लागतं आणि ते सगळं तुमच्या जमिनीत मुरतं.

४ इंची पाइपला दर १० फुटांमागे निदान ८ इंच उतार द्या. पाइपचं तोंड खड्ड्यात भिंतीच्या ४ इंच पुढे आलेलं हवं. भांडं आणि खड्डे यांच्यामध्ये वाय चेंबर, म्हणजे इंग्रजी Y सारख्या दोन वाटा फुटणारी छोटी कुंडी, येतो. त्याची एक वाट वीट आणि मातीने बुजवायची, म्हणजे मैला एकाच खड्ड्यात जातो.

गवंडी सवयीने गॅसचा उभा पाइप लावायला बघतो. त्याला नको म्हणून सांगा. जाळीतून वायू मातीत शोषला जातो, पाइपमुळे फक्त डासांना वाट मिळते. झाकण मात्र घट्ट बसलं पाहिजे.

५. वापर आणि खड्डा बदलणं

न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं पाणी खड्ड्यात सोडू नका, ते अळू, केळी आणि कर्दळीला घाला. ॲसिड आणि फिनेल टाळा. मैला कुजवणारे जंतू त्यांनी मरतात. ब्रश आणि साधी पावडर पुरते.

पहिला खड्डा भरला की वाय चेंबर उघडून वाट बदला आणि बंद केल्याची तारीख झाकणावर रंगाने लिहा. कोरड्या जमिनीत किमान एक वर्ष थांबायचं. ओल्या जमिनीत दोन वर्षं थांबा, कारण जंतांची अंडी ओलीत चिवटपणे टिकतात. नंतर उघडलं तर आत काळपट, भुसभुशीत माती मिळते, तिला वास येत नाही. हे सोनखत नारळाच्या आळ्यात घाला, पालेभाजीत नको. कणकवलीला १९४८ साली गोपुरी आश्रम उभा करणारे अप्पासाहेब पटवर्धन सफाईचं काम स्वतःच्या हातांनी करायचे आणि सोनखताचं मोल लोकांना पटवायचे. सोनखताची किळस अजून पुरती गेलेली नाही, पण एकदा ही माती हातात घेतलेला माणूस सहसा नाक मुरडत नाही.

६. विहिरीवर लक्ष ठेवा

संडास नीट बांधला तरी पहिल्या पावसानंतर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावंच लागतं. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ०.७८५ ने गुणा. एवढे हजार लिटर पाणी. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे ७० ग्रॅम.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. खालचा चुना विहिरीत टाकू नका. हे काम रात्री, पाणी भरून झाल्यावर करा. किमान एक तास तरी ते पाणी काढायचं नाही. उघड्या पिशवीत पडून राहिलेल्या पावडरीचा क्लोरीन उडून जातो, ती कितीही टाकली तरी भरवसा नाही.

पंपाचंही भान ठेवा. समुद्राजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली जवळजवळ ४० मीटर गोडं पाणी असतं. म्हणून पंपाने पातळी थोडी जरी उतरवली तरी खालून खारं पाणी बरंच वर चढतं. मे महिन्यात पाणी मचूळ लागायला लागलं की पंप थोडा-थोडा वेळ, थांबून-थांबून चालवा.

पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस सरल्यावर गावच्या जलसुरक्षकाकडून पाणी तपासायची एच-टू-एसची बाटली मागून घ्या. टीसीएल टाकण्याआधी तिच्यात विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवा. दोन दिवसांत पाणी काळं झालं तर विहिरीत मैल्याचे जंतू आहेत असं धरा, पाणी उकळून प्या, टीसीएल टाका, आणि आपल्या व शेजारच्या खड्ड्यांची अंतरं पुन्हा मोजा.