बडोद्यात स्पोर्ट्स कारची उंची वाढवायची असेल तर: तयारीची यादी

पाना हातात घेण्याआधी गाडीचं नेमकं काय घासतंय ते शोधा. पुढची हनुवटी (बंपरची खालची कड), दोन चाकांमधलं पोट आणि मागचा सायलेन्सर ही तीन वेगळी दुखणी आहेत, तिघांना एक औषध चालत नाही. मुलांच्या खेळातली क्ले आणा, तिचे २५ मिमी उंचीचे गोळे हनुवटीखाली, इंजिनच्या पत्र्याखाली आणि सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जोडाखाली चिकटवा आणि रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट बंप चालण्याच्या वेगाने ओलांडा. उतरून पट्टी लावा. गोळा १० मिमी उरला असेल तर तिथे १० मिमी जागा आहे. डांबर लागून पार सपाट झाला असेल तर कमी पडतंय ते तिथेच.

आता रस्त्याचा हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच असला तरी ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. अडीच मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीच्या दोन चाकांमध्ये त्याचा फुगवटा जेमतेम ४६ मिमी वर येतो, म्हणजे १०० मिमी क्लिअरन्सची (पोटाखालच्या मोकळ्या जागेची) गाडीही सावकाश गेली तर पार होते. पोट घासतं ते सोसायटीच्या दारात थापलेल्या, हातभर रुंदीच्या ढिगावर. पुढची चाकं उतरली की ती सगळी उंची पोटाखाली येते, शिवाय उतरताना स्प्रिंग २०-३० मिमी दबते ती वेगळी.

फक्त हनुवटी लागत असेल, उदाहरणार्थ अलकापुरीतल्या एखाद्या तळघराच्या उतारावर, तर सगळी गाडी उचलू नका. लिप (बंपरखालची पट्टी) बदला किंवा नाक उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट बसवा. पोर्श ९११ला कंपनीकडूनच मिळणारी लिफ्ट नाक सुमारे ४० मिमी उचलते आणि वेग वाढला की खाली आणते. पोट लागत असेल तरच पुढचं वाचा. आणि वाढवलेल्या २० मिमी उंचीच्या भरवशावर पावसाळ्यात गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) गाडी घालू नका. स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची हवा ओढायची नळी बहुतेक वेळा बंपरमागे खालीच असते.

किती वाढवायचं? आमच्या मते २० मिमी, फार तर २५. गुरुत्वमध्य ५०० मिमीवरून ५२० वर गेला तर वळणावर बाहेरच्या चाकांकडे जाणारा भार ४ टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढं चांगली गाडी सोसते. गाडी बिघडते ती मुख्यतः आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) कोन बदलल्याने. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत बॉडी वर गेली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला खाली झुकतो, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) पॉझिटिव्हकडे, म्हणजे वरून बाहेर, सरकतो, आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) व आर्म यांचं जमलेलं गणित मोडलं की खड्ड्यात चाक आपोआप वळू लागतं. एक्सप्रेस-वेवर ‘गाडी तरंगते’ अशी तक्रार बऱ्याचदा इथून येते.

म्हणून काम सुरू करण्याआधीची मापं लिहून ठेवा. सपाट फरशी, थंड टायरमध्ये बरोबर हवा, अर्धी टाकी, ड्रायव्हरच्या सीटवर ७० किलो वजन. गाडी दोन-तीन फूट पुढे-मागे ढकलून स्प्रिंग बसू द्या. मग चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत, आर्मच्या आतल्या बोल्टची आणि बाहेरच्या बॉल जॉइंटची जमिनीपासूनची उंची, आणि अलाइनमेंटचा छापील कागद. हे आकडे नसतील तर नंतर कुठे परत यायचं तेच कळणार नाही.

सर्वांत सोपी वाट टायरची आहे. २२५/४५ आर १७ ऐवजी २२५/५० आर १७, म्हणजे तेवढाच रुंद पण उंच कडेचा टायर, घातला की गाडी ११ मिमी उचलली जाते आणि आर्मचा एकही कोन हलत नाही. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग पूर्वीपेक्षा साडेतीन टक्के जास्त असेल. टायर स्ट्रटला किंवा फेंडरच्या आतल्या प्लास्टिकला लागत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक दाबून पाहा. उरलेले ९-१० मिमी सस्पेन्शनमधून काढा.

तिथे दोन पर्याय आहेत, आणि त्यांतला फरक नीट समजून घ्या. लांब स्प्रिंग किंवा स्प्रिंगखालचा पॅकर (जाड चकती) घातला तर शॉकअप आधीच उघडलेला राहतो. खाली जायला ६० मिमी वाव होता तो १० मिमीच्या पॅकरने ५० होतो, आणि २५ने ३५. वाव संपला की बंप उतरताना ‘टक्’ आवाज येतो, वळणात आतलं चाक हलकं होतं. स्ट्रटच्या वर, बॉडीच्या खाली स्पेसर घातला तर शॉकअपचा वाव तसाच राहतो, पण चाक पूर्वीपेक्षा खाली लोंबतं. तेव्हा ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद देणारा दांडा) तपासा. चाक पूर्ण लोंबत ठेवून हाताने फिरवा. शाफ्टचा जॉइंट अडकला किंवा कटकटला तर स्पेसर जाड झालाय. डबल विशबोनच्या (वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाडीत शॉकअप आर्मच्या मध्यावर कुठेतरी असतो, म्हणून १० मिमीचा स्पेसर चाकाशी १५ मिमी देऊ शकतो. त्यासाठी आधी पातळ वॉशर घालून प्रत्यक्ष मोजा.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत ठोकायचे रबरी बफर घेऊ नका. ते दोन-तीन वेटोळी कामातून बाद करतात, स्प्रिंग एका जागी ताठ होते, शेजारच्या वेटोळ्यावर ताण येतो आणि चारही कोपरे चार तऱ्हांनी वागतात. नवी स्प्रिंग घ्यायचीच असेल तर मूळ ताठपणापेक्षा ५-१० टक्क्यांहून जास्त नको. त्याहून ताठ असेल तर जुना शॉकअप तिला आवरत नाही.

स्पेसर मकरपुरा जीआयडीसीतल्या लेथवर करून मिळतो, मात्र ऑर्डर नेमकी द्या: ६०६१-टी६ ग्रेडचं ॲल्युमिनियम, दोन्ही तोंडं ०.१ मिमीच्या आत समांतर, भोकं स्टडपेक्षा (स्ट्रटच्या वरच्या बोल्टपेक्षा) अर्धा मिमी मोठी. स्टड लांब लागतील. ते प्रेसवर नवे बसवा, जुन्याला तुकडा वेल्ड करू नका. नट घट्ट झाल्यावर स्टडचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. स्ट्रटचे सेल्फ-लॉकिंग नट नवे आणा. लिंक रॉड (वळणात गाडी कलू न देणाऱ्या बारची जोडदांडी) ॲडजस्टेबल घ्या, आणि कॅम्बर जुळवण्यासाठी एक्सेंट्रिक (मध्य बाजूला असलेल्या) बोल्टचा जोड.

सब-फ्रेम (इंजिन आणि आर्म धरणारी चौकट) खाली उतरवून कोन जागेवर आणायचा सल्ला मिळेल. कोन येतात, पण सब-फ्रेमबरोबर इंजिनही खाली येतं आणि ऑइल सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) मिळवलेली जागा परत जाते. पोट वाचवायचं असेल तर हे करू नका.

जुळणीत एकच गोष्ट हमखास चुकते: आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असतानाच आवळले जातात. मग गाडी जमिनीवर आली की बुश कायम पिळलेला राहतो, उंची खोटी दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बोल्ट आधी नुसते बसवा, चाकं जमिनीवर टेकवा, गाडी ढकलून बसू द्या आणि मगच मॅन्युअलमधल्या आकड्याने टॉर्क पान्याने आवळा. लिंक रॉडही तेव्हाच जोडा. त्याचा बोल्ट हाताने सरकन आत गेला पाहिजे. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावा आणि ते इम्पॅक्ट गनने फिरवू नका.

पुढचं आणि मागचं सारखंच उचला. अडीच मीटर व्हीलबेसमध्ये फक्त पुढचं २० मिमी वर गेलं तरी कॅस्टर (बाजूने दिसणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) जवळपास अर्ध्या अंशाने बदलतो. हेडलाइटच्या लेव्हल सेन्सरची दांडी असेल तर कॅलिब्रेशन करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जाईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, म्हणून आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

अलाइनमेंट दोनदा: जोडल्याबरोबर आणि ३०० किमीनंतर, स्प्रिंग बसल्यावर. कॅम्बर आणि टो (वरून दिसणारी चाकांची दिशा) जुन्या कागदावरच्या आकड्यांवर आणा. ५० किमीला प्रत्येक नटवर मार्करने ओढलेली रेघ सरकली का पाहा. मग पहाटे हालोल रस्त्यावर ६०च्या वेगाने ओबडधोबड पट्टा गाठा, स्टिअरिंग हलकं धरा. ते एका बाजूला झटकत असेल तर टाय रॉडच्या टोकाला पातळ शिम (चकती) घालून रॉडचा कोन लोअर आर्मशी पुन्हा जुळवा. शेवटी त्याच बंपवर, त्याच जागी क्लेचे गोळे लावून पुन्हा मोजा.