मुंबईच्या थंडीत नवा जुनिपर बोन्साय कसा जगवायचा

जुनिपर बोन्सायबद्दल, म्हणजे जुनिपर या सदाहरित सूचिपर्णी झाडाच्या कुंडीत वाढवलेल्या बुटक्या रूपाबद्दल, इंटरनेटवर वाचायला गेलात की निम्मा मजकूर बर्फाचा, गोठलेल्या मातीचा आणि कुंडी झाकून ठेवण्याचा असतो. मुंबईत यातलं काहीच लागत नाही. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, आणि तेवढी थंडी जुनिपरला मानवतेच. हिमालयात, जपानच्या डोंगरकड्यांवर वाढणारी ही जात. आपल्याकडे नवं झाड हिवाळ्यात जातं ते बहुतेक वेळा हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवल्यामुळे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे झाड बाहेर काढा. बाल्कनी, गच्ची, खिडकीची ग्रिल, काहीही चालेल. रोज चार-पाच तास थेट ऊन मात्र हवं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी या दिवसांत सगळ्यात चांगली. उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा झाडावर येत नाही ना, तेही बघा. ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर कुंडी तारेने बांधा, खालून माणसं जात-येत असतात.

मग कुंडी तपासा. विकायच्या बोन्सायमध्ये मातीवर शोभेचे खडे पुष्कळदा गोंदाने चिकटवलेले असतात. त्यांच्यावरून पाणी वाहून जातं आणि आत माती कोरडीच राहते. ते उचकटून काढा. तळाची भोकं मोकळी आहेत का, हेही पाहा. माती कितीही वाईट दिसली तरी लगेच कुंडी बदलू नका, फांद्याही छाटू नका. झाड आधी नव्या जागेला रुळू दे. खत महिनाभराने, तेही चिमूटभर निंबोळी पेंड पुरे.

खरी मेख पाण्यात आहे. 'रोज एक कप' असं दुकानदार सांगतो, ते विसरा. अगरबत्ती जळून गेल्यावर उरलेली काडी धुऊन कुंडीच्या कडेला दोन इंच खोचा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी ओली, काळपट निघाली, माती चिकटून आली, तर आज पाणी नको. जेमतेम दमट निघाली तर तळातून वाहीपर्यंत घाला. पार कोरडी निघाली आणि वरून घातलेलं पाणी कडेकडेने निसटत असेल, तर कुंडी बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. नर्सरीची लाल चिकट माती ओल धरून ठेवते, त्यामुळे इथे तहानेपेक्षा मुळं कुजूनच जास्त झाडं जातात. आणि जुनिपर लबाड आहे: मुळं मेल्यावरही पाला कित्येक आठवडे हिरवा दिसतो. शंका आली तर खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे.

हिवाळ्यात इथली हवा कोरडी होते, त्यात बांधकामांची धूळ. अशा वेळी लाल कोळी, म्हणजे पाल्यातला रस शोषणारी बारीक कीड, लागतो. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसले तर तोच. स्प्रेच्या जोरदार फवाऱ्याने पाला खालून-वरून धुवा, आठवडाभर एकाआड एक दिवस. धूळही निघते, ते वेगळंच.

भाची टोरांटोला असेल आणि तिने तिकडे असंच झाड घेतलं असेल, तर तिला मात्र बर्फाचा सल्ला लागू. जमिनीतलं जुनिपर कडाक्याची थंडी सोसतं, पण उथळ कुंडीतल्या मुळांना थंडी थेट लागते. कुंडी बागेतल्या मातीत काठापर्यंत पुरायची, वर पालापाचोळा घालायचा, वाऱ्याच्या आड ठेवायचं. हीटर लावलेल्या खोलीत आणायचं नाही. पाला तपकिरी-जांभळट झाला तरी घाबरू नये, थंडीत तो होतो. मुंबईत तोच रंग दिसला तर आधी मुळांकडे बघा.

आपल्याकडे थंडी जानेवारीच्या शेवटी ओसरू लागते आणि फेब्रुवारीतच उन्हाचा चटका सुरू होतो. तेव्हापासून झाड हळूहळू अशा जागी सरकवा जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली, आणि काडी सकाळ-संध्याकाळ खोचून बघा.