मंडळाच्या साइटवर स्वतःच्या पत्त्याने लॉगिन: इंडीऑथ बसवण्याची पद्धत

बडोद्यात एकच माणूस दांडिया बाजारातल्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता असतो, वाचनालयाचा सभासद असतो आणि दिवाळी अंकात लिहीतही असतो. तिन्ही संस्थांच्या साइट वेगळ्या, खाती वेगळी. कार्यकारिणी बदलली की साइट सांभाळणाराही बदलतो आणि सभासदांच्या पासवर्डांची जबाबदारी नव्या माणसाच्या गळ्यात पडते. ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण लावता येतं, पण मग सभासदाची ओळख कंपनीच्या मर्जीवर राहते. तिथलं खातं गोठलं की मंडळाचं दारही बंद. एसएमएसने ओटीपी पाठवायचा, तर आधी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-पोर्टलवर) संस्थेची, हेडरची आणि मजकुराच्या टेम्प्लेटची नोंदणी करावी लागते. शिवाय बऱ्याच घरांतली मुलं आता परदेशी नंबर वापरतात.

इंडीऑथमध्ये माणसाची ओळख म्हणजे त्याचा स्वतःचा वेब पत्ता. तो पत्ता लिहितो, त्याची साइट त्याला विचारते, ‘अमुक ठिकाणी लॉगिन करायचं आहे, चालेल?’ आणि होकार मिळाला की तुमच्या साइटला कळवते. कल्पना जुनी आहे. २००५ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटसाठी ओपनआयडी आणलं ते याच विचाराने. इंडीऑथ ओएथ २.० (एका साइटला दुसरीकडे परवानगी देण्याची प्रमाणित पद्धत) यावर उभं आहे आणि जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ते नोट म्हणून प्रसिद्ध केलं. ‘गूगलने लॉगिन’सारख्या बटणांमागच्या ओपनआयडी कनेक्टमध्ये व्यवहारात प्रत्येक प्रोव्हायडरकडे जाऊन आधी साइट नोंदवावी लागते. इथे ती भानगड नाही, कारण तुमच्या साइटवरचा एक पत्ता हाच तुमचा क्लायंट आयडी (लॉगिन मागणाऱ्या साइटची ओळख). छोट्या संस्थेसाठी याच एका कारणाने आम्ही इंडीऑथ सुचवतो.

पुढची कृती साध्या शेअर्ड होस्टिंगवरच्या पीएचपी आणि मायएसक्यूएलसाठी आहे. एचटीटीपीएस चालू हवं, पीएचपीत कर्ल, इंटल आणि डॉम ही एक्स्टेन्शन हवीत. पॅरामीटरांची नावं इथे देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती रोमन छोट्या लिपीत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून लिहायची.

पत्ता घेणं आणि साफ करणं

फॉर्ममध्ये एकच रकाना: ‘तुमचा वेब पत्ता’. लोक एचटीटीपीएस लिहीत नाहीत, ते तुम्ही जोडा. डोमेन छोट्या लिपीत करा, पाथ रिकामा असेल तर शेवटी तिरपी रेघ लावा. पत्त्यात पोर्ट, युजरनेम-पासवर्ड, हॅशनंतरचा भाग, एका किंवा दोन टिंबांचा पाथ किंवा डोमेनऐवजी आयपी असेल तर तिथेच नाकारा. इंडीऑथच्या नियमांत हे बसत नाही.

मराठी सभासदांसाठी इथे आणखी एक काम आहे. ‘.भारत’वरचं डोमेन देवनागरीत टाइप होतं, पण साठवताना त्याचं प्युनीकोड रूप (तेच नाव रोमन अक्षरांत बांधलेलं) ठेवायचं. पीएचपीत त्यासाठी आयडीएन-टू-अ‍ॅस्की फंक्शन आहे. त्याला ‘नॉन-ट्रान्झिशनल’ फ्लॅग स्पष्टपणे द्या. डोमेनमध्ये ‘वाऱ्या’ किंवा ‘दऱ्या’ असेल तर त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त लावून पुढे झिरो-विड्थ जॉइनर घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण त्यांचं प्युनीकोड वेगळं. ट्रान्झिशनल पद्धतीत तर तो जॉइनर गळूनच पडतो, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि शोध भलत्याच डोमेनवर जातो. म्हणून रूपांतरानंतरचा पत्ता पुन्हा देवनागरीत उलगडून ‘हाच ना?’ असं सभासदाला दाखवा.

त्याच्या साइटवर शोध

आता तुमचा सर्व्हर त्या पत्त्यावरचं पान आणतो. आधी एचटीटीपी लिंक हेडरमध्ये आणि मग एचटीएमएलच्या लिंक टॅगमध्ये ‘इंडीऑथ-मेटाडेटा’ हा रेल (दुव्याचा प्रकार) शोधा. तिथल्या जेसनमध्ये इश्युअर (ओळखीची ग्वाही देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता) आणि ऑथरायझेशन एंडपॉइंट (सभासदाला परवानगी विचारणारा पत्ता) मिळतात. मेटाडेटा नसेल तर जुन्या पद्धतीचा ‘ऑथरायझेशन एंडपॉइंट’ हा रेल पाहा. एचरेफ अर्धवट असेल तर तो रीडायरेक्टनंतरच्या शेवटच्या पत्त्याला जोडून पुरा करायचा, सुरुवातीच्या पत्त्याला नाही.

हा टप्पा दिसतो साधा, पण इथे कुणीही लिहिलेला पत्ता तुमचा सर्व्हर उघडत असतो. कुणी १६९.२५४.१६९.२५४ कडे वळणारं डोमेन दिलं तर क्लाउड होस्टिंगची आतली माहिती बाहेर येऊ शकते; १२७, १० आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते दिले तर तुमच्याच नेटवर्कमध्ये डोकावता येतं. म्हणून डोमेनचा आयपी आधी काढा, तो खासगी किंवा राखीव पट्ट्यात आहे का तपासा (पीएचपी ८.२ पासून यासाठी ‘ग्लोबल रेंज’ फ्लॅग आहे) आणि तपासलेलाच आयपी कर्लच्या ‘रिझॉल्व्ह’ पर्यायाने पक्का करा. तपासल्यावर पुन्हा डीएनएसला विचारलं तर मधल्या क्षणात उत्तर बदललेलं असू शकतं. रीडायरेक्ट कर्लवर सोडू नका. एकेकाच्या मागे स्वतः जा, प्रत्येक वेळी आयपी तपासा, पाचव्यानंतर थांबा. वेळमर्यादा ५ सेकंद आणि आकार १ एमबी पुरतो. सापडलेले मेटाडेटा आणि एंडपॉइंटचे पत्तेही याच चाळणीतून गेले पाहिजेत. बरेच जण पहिला पत्ता तपासून मोकळे होतात. फॉर्मवर एका आयपीमागे तासाला १० प्रयत्नांची मर्यादा ठेवा, नाहीतर तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या साइटवर मारा करायला वापरला जाईल.

सभासदाला पाठवणं

३२ रँडम बाइट घ्या आणि बेस६४-यूआरएल करा, म्हणजे ४३ अक्षरांचा कोड व्हेरिफायर मिळतो. नियमानुसार लांबी ४३ ते १२८ हवी. त्याचा एसएचए-२५६ घेऊन पुन्हा बेस६४-यूआरएल केलं की कोड चॅलेंज तयार. हॅश फंक्शनचा तिसरा पॅरामीटर ‘ट्रू’ द्यायचा. तो विसरला तर हेक्स अक्षरांचा बेस६४ होतो आणि शेवटी फक्त ‘इनव्हॅलिड ग्रँट’ एवढंच दिसतं. साधं बेस६४ वापरलं आणि अधिकचं चिन्ह, तिरपी रेघ किंवा शेवटचं बरोबरचं चिन्ह राहिलं, तरीही तेच.

वेगळी रँडम स्टेट (परत आलेली विनंती आपलीच आहे हे ओळखण्याची खूण) बनवा. सेशनमध्ये स्टेट, व्हेरिफायर, इश्युअर, एंडपॉइंट आणि लिहिलेला पत्ता ठेवा. मग ब्राउझरला एंडपॉइंटकडे वळवा. सोबत रिस्पॉन्स टाइप ‘कोड’, क्लायंट आयडी, रीडायरेक्ट यूआरआय, स्टेट, कोड चॅलेंज, कोड चॅलेंज मेथड ‘एस२५६’ आणि मी (इंग्रजीतला, एम-ई; म्हणजे लिहिलेला पत्ता) पाठवा. नुसत्या लॉगिनसाठी स्कोप मागू नका. विनाकारण मागितलेली परवानगी पाहून सभासद बिचकतात, आणि ते बरोबरच आहे.

क्लायंट आयडीच्या पत्त्यावर एक जेसन ठेवा: क्लायंट आयडी, क्लायंटचं नाव, क्लायंट यूआरआय आणि रीडायरेक्ट यूआरआयची यादी. आतला क्लायंट आयडी फाइलच्या पत्त्याशी अक्षरशः जुळायला हवा. नाव मराठीत पूर्ण द्या, कारण परवानगीच्या पानावर सभासद तेच वाचून ठरवतो.

सेशन कुकीला सिक्युअर आणि एचटीटीपी-ओन्ली लावा, पण सेमसाइट ‘लॅक्स’ ठेवा. ‘स्ट्रिक्ट’ ठेवलं तर परतीची विनंती दुसऱ्या साइटवरून येते म्हणून ब्राउझर कुकी पाठवत नाही, सेशन रिकामं निघतं आणि प्रत्येक लॉगिन ‘स्टेट जुळत नाही’ म्हणून पडतं. कोड अगदी बरोबर असतो आणि माणूस दोन दिवस त्यातच चूक शोधत बसतो.

परत आल्यावरची तपासणी

ब्राउझर कोड, स्टेट आणि आयएसएस (उत्तर देणाऱ्या इश्युअरचा पत्ता) घेऊन परततो. स्टेट हॅश-इक्वल्सने ताडून पाहा आणि लगेच सेशनमधून काढून टाका. शोध मेटाडेटातून झाला असेल तर आयएसएस हा साठवलेल्या इश्युअरशी तंतोतंत जुळला पाहिजे.

मग तुमच्या सर्व्हरवरून त्याच एंडपॉइंटला पोस्ट करा: ग्रँट टाइप ‘ऑथरायझेशन कोड’, कोड, क्लायंट आयडी, रीडायरेक्ट यूआरआय, कोड व्हेरिफायर. अ‍ॅक्सेप्ट हेडरमध्ये जेसन मागा. अ‍ॅक्सेस टोकन नको असल्यामुळे टोकन एंडपॉइंटला जायची गरज नाही. उत्तरात ‘मी’ येतो.

या ‘मी’वर तसाच विश्वास ठेवला तर सगळी मेहनत वाया गेली. समजा कुणी ‘चोर.उदाहरण’ हे स्वतःचं डोमेन घेतलं आणि त्यावर स्वतः लिहिलेला एंडपॉइंट लावला. लॉगिनच्या रकान्यात तो स्वतःचाच पत्ता लिहितो. स्टेट जुळते, पीकेसीई (व्हेरिफायर आणि चॅलेंजची जोडी) जुळतं, इश्युअर जुळतो, कारण सगळं त्याच्याच घरचं. फक्त शेवटच्या उत्तरात त्याचा एंडपॉइंट म्हणतो, मी: ‘कार्याध्यक्ष.उदाहरण’. तुमची साइट त्याला कार्याध्यक्ष म्हणून आत घेते.

उपाय एवढाच: उत्तरातला ‘मी’ साफ करा, त्या पत्त्यावर शोध पुन्हा चालवा आणि तिथेही तोच इश्युअर आणि तोच एंडपॉइंट, किंवा जुन्या पद्धतीत नुसता तोच एंडपॉइंट, जाहीर केलेला आहे का ते पाहा. नसेल तर नकार. लिहिलेला पत्ता आणि ‘मी’ एकच असतील तर नियमाने ही फेरी टाळता येते, पण आमच्या मते ती दर वेळी करावी. एक जादा विनंती आणि एखादा सेकंद जातो, त्या बदल्यात कोडमध्ये अपवादाची फांदी राहत नाही.

जुळलं की सेशन आयडी बदला आणि ब्राउझरला स्वच्छ पत्त्यावर वळवा. कोड एकदाच चालतो. तो पत्त्यात राहिला आणि सभासदाने पान रिफ्रेश केलं, तर यशस्वी लॉगिननंतरही चूक दिसते.

वर्डप्रेस असलेले सभासद

बऱ्याच सभासदांची साइट वर्डप्रेसवर असते आणि तिथे इंडीऑथ नावाचं प्लगिन टाकलं की त्यांच्या बाजूचं काम होतं. अडतं ते दोन ठिकाणी. प्लगिनचे एंडपॉइंट रेस्ट एपीआयमध्ये असतात. एखादं सुरक्षा प्लगिन लॉगिन नसलेल्यांना रेस्ट एपीआय बंद करत असेल तर तुमच्या सर्व्हरला ४०१ किंवा ४०३ मिळतो. दुसरं म्हणजे कॅश: प्लगिन चालू करण्याआधीचं पान कॅशमध्ये असतं आणि त्यात लिंक टॅगच नसतो. आधी कॅश रिकामी करायला सांगा. आणि चूक दाखवताना ‘लॉगिन झालं नाही’ असं मोघम लिहू नका. ‘तुमच्या साइटवर इंडीऑथचा दुवा सापडला नाही’ एवढं लिहिलं तरी चिटणिसांचे निम्मे फोन वाचतात.

चाचणी तुमच्या लॅपटॉपवरच्या लोकलहोस्टवर करू नका. सभासदाच्या साइटला तुमचा क्लायंट आयडी उघडून वाचायचा असतो आणि तिथून लोकलहोस्ट दिसत नाही. चाचणीसाठी वेगळं सबडोमेन घ्या.

खातं, हक्क आणि सुटलेलं डोमेन

डेटाबेसमध्ये पत्ता ही प्रायमरी की करू नका. सभासदाला साधा आकडी आयडी द्या आणि पत्त्यांसाठी वेगळं टेबल ठेवा: सभासद आयडी, पत्ता, पहिली खातरजमा, शेवटचं लॉगिन. मग माणसाने डोमेन बदललं तरी त्याच्या नोंदी जागेवर राहतात. पत्त्याच्या कॉलमला अ‍ॅस्की कॅरेक्टर सेट आणि बायनरी कोलेशन द्या, कारण पाथमधली मोठी आणि छोटी लिपी वेगळी धरायची असते.

लॉगिन झालं म्हणजे सभासदत्व सिद्ध झालं असं नाही. जगातला कुठलाही डोमेनधारक इथवर येऊ शकतो. चिटणिसांनी प्रत्येक सभासदाला एकदाच चालणारी निमंत्रण लिंक पाठवावी आणि त्या लिंकवरून झालेलं पहिलं लॉगिन खात्याला जोडलं जावं. ज्यांच्याकडे स्वतःचा पत्ता नाही, आणि असे सभासद बरेच असणार, त्यांना ईमेलवर येणाऱ्या कोडची वाट ठेवा. ज्येष्ठ सभासदाला डोमेन विकत घ्यायला लावणं योग्य नाही. मंडळाच्या डोमेनवर त्यांची पानं काढून देणार असाल तर प्रत्येकाला सबडोमेन द्या आणि लॉगिनची कुकी मुख्य होस्टपुरतीच ठेवा. कुकीत डोमेन ॲट्रिब्यूट लिहिलं की ती सगळ्या सबडोमेनांना जाते.

नूतनीकरण राहिलं आणि डोमेन दुसऱ्याने घेतलं, तर तो रीतसर जुन्या सभासदाच्या खात्यात शिरू शकतो. यासाठी लॉगिनच्या वेळी आरडॅपवर (डोमेन-नोंदणीची माहिती देणाऱ्या सेवेवर) डोमेनची नोंदणी तारीख पाहा. ती तुमच्याकडच्या पहिल्या खातरजमेनंतरची असेल तर डोमेन मध्ये सुटून पुन्हा नोंदलं गेलं आहे. खातं थांबवा आणि चिटणिसांना कळवा. परस्पर विकलेल्या डोमेनमध्ये ही तारीख बदलत नाही, म्हणून वर्षभर लॉगिन नसलेल्या सभासदाकडून ईमेलवरही एकदा होकार घ्या.

तुमच्या साइटवरचं ‘बाहेर पडा’ बटण फक्त तुमचं सेशन संपवतं. सभासदाच्या स्वतःच्या साइटवरचं लॉगिन चालूच राहतं. वाचनालयातल्या सामायिक संगणकावर हे बटण दाबलं की ‘तुमच्या साइटवरूनही बाहेर पडा’ असं त्याच्या पत्त्याच्या लिंकसह ठळक दाखवा आणि अशा संगणकावरच्या तुमच्या सेशनची मुदत ३० मिनिटांवर आणा.